न होणाऱ्या नाटकाची तारीख

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. "ऑफिसमधलं ऑफिसात" असं ताईने बजावलं आहे. पण नवीन ॲप बनायला घेतलं की ॲपच्या आधी किस्सेच तयार होतात आणि साठत जातात. मी शाळेत फारशी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. गावांची आणि माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे मोठ्या काकांची मुलगी. पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजर होती. आमच्याकडे धानाची कापणी झाली की गावोगावी नाटकं होतात, आणि ती ठरवायला गावची मंडळी आमच्या वडशाला येऊन नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचे जिने चढत बसतात. हे घरबसल्या ॲपवर व्हावं म्हणून ताई नोकरी सोडून आली. मोठे बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत गावं बुक झाली तं ठीक, नाई तं पुण्याले वापस!"

ताई म्हणाली, "होतील."

मी दहावीत आहे. शाळा सुटली की ॲप तपासायचं काम माझं.

*

मोठ्या आईला ताईचं काम काही कळत नव्हतं.

"तू ते कोड का काय, ते लिहितेस?"

"नाई, ते रोहन लिहितो."

"मंग चित्रं काढतेस?"

"ते डिझायनर काढते."

"मंग तू करतेस काय वो?"

"काय बनवायचं, कसं बनवायचं, ते मी ठरवते. अन् झालं का नाई ते पाहते."

मोठी आई लगेच म्हणाली, "म्हणजे सासू!"

*

बनवायच्या आधी लोकांना त्यांच्या अडचणी विचारायच्या असतात. ताई मला घेऊन एका नाटक कंपनीच्या मॅनेजरकडे गेली. त्यांना सगळे अण्णाभाऊ म्हणतात. ताईने किती प्रश्न विचारले! नटांची गाडी, पडदे, लाइट, ॲडव्हान्स, सगळं. अण्णाभाऊ शांतपणे उत्तरं देत होते.

शेवटी ताईने विचारलं, "भाऊ, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

अण्णाभाऊ म्हणाले, "लोकं येतेत, चहा पितेत, सारं इचारतेत, अन् बुकिंग न करता चालले जातेत!"

ताईने कप हळूच खाली ठेवला.

*

रोहन पुण्यात बसून कोड लिहितो. आमच्याकडचं नाटक त्याने कधी पाहिलेलं नाही. त्याने नाटक किती वेळाचं हवं, हे निवडायची सोय केली. एक तास, दोन तास, तीन तास.

आम्ही ते आमच्या गल्लीतल्या देवाजीभाऊंना दाखवलं. त्यांच्या मूळ गावच्या नाटकाच्या कमिटीत ते फार वर्षं आहेत. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"अन् नाटक कुठी आहे याच्यात?"

"हे काय भाऊ, तीन तास."

"अवो बाई, तीन तासांत तं आमची उद्घाटनाची भाषणं होतेत!"

दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये एकच पर्याय उरला: 'उजाडेपर्यंत'.

*

ॲप सुरू झालं. चिमूरपासून धानोऱ्यापर्यंत लोक उघडून पाहायला लागले. ताईने पेढे आणले. पण बुकिंग एकही नाही! दसरा गेला तरी नाही. मोठे बाबा जेवताना दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायला लागले.

कोण काय उघडतं ते मला लॅपटॉपवर दिसायचं. मी बरेच दिवस बघत होते. सांगू की नको असं करत शेवटी म्हणाले, "ताई, ही लोकं नाटक नाई पाहून राह्यली. शेजारच्या गावानं काय बुक केलं, तेच पाहून राह्यली."

ताई उडालीच. आपलं नाटक आधी कळलं की शेजारचं गाव त्याच्याहून भारी नाटक आणणार. म्हणून सगळे थांबले होते! तिने तिथल्या तिथे रोहनला सांगितलं, "जे बुकिंग येईल ते झाकून टाक."

रोहन म्हणाला, "अगं, लोकांना पारदर्शकता हवी असते!"

ताई म्हणाली, "शेजाऱ्याची!"

*

लगेच दोन बुकिंग आली. ताईने मोठ्या बाबांना सांगितलं.

"कोणतं गाव?"

"ते गुप्त आहे."

"मंग खरं कशावरून?"

*

आता सगळ्यात भारी. रोहनने बुकिंग इतकी झाकली, की ती ॲपलाच दिसेनात! आंबेटोला आणि चिंचटोला, या दोन्ही गावांना ॲपने एकच कंपनी, एकच रात्र देऊन टाकली. गावं शेजारशेजारची. हे वडशात पसरलं असतं तर ॲप गेलं आणि ताईही गेली.

तारीख बदलायचं बोलायला रविवारी ताईने एका कमिटीच्या अध्यक्षांना सकाळी बोलावलं, दुसऱ्यांना दुपारी. सकाळच्यांची गाडी पंक्चर झाली, दुपारचे लवकर आले. दोघे जिन्यावरच भेटले. त्यात नात्याने व्याही!

"या या, व्याही! इथी कुठी?"

"खत घ्याले आलो," आंबेटोल्याचे गुलाबभाऊ म्हणाले. आमच्या ऑफिसखाली खताचं दुकान आहे.

"मीबी खतच," चिंचटोल्याचे तुळशीरामभाऊ म्हणाले.

दोघे आत येऊन बसले. मोठे बाबा दोघांना चहा देऊन दाराशीच थांबले.

"यंदा नाटक हाय का नाई तुमच्याकडं?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"छे! आम्ही नाई करून राह्यलो. तुमचं?"

"आमचंबी नाई."

ताईने लॅपटॉप उघडला आणि हसून म्हणाली, "बरं झालं. मंग दोन्ही कॅन्सल करते."

खालून पोती टाकल्याचा आवाज येत होता.

मग गुलाबभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरी, आमचं जे नाटक नाई होऊन राह्यलं, ते एक दिवस पुढं घे."

तुळशीरामभाऊंनी बशीत फुंकर मारली. "मंग आमचं जे नाई होऊन राह्यलं, ते हाय तिथंच राहू दे."

ताईने तारीख बदलली. मोठे बाबा दारातून आत आले, त्यांनी दोघांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि... थांबा, ऑफिसातून मोठे बाबाच मला हाक मारताहेत:

"सोनू! लवकर वर ये! चिमूरकडचे पाचजण येऊन बसले, अन् पाचही म्हणून राह्यले, खत घ्याले आलो!"