चौसष्ट किलोंचा बास

बास गिटार वाजवणाऱ्या माणसाला एक मोठं संरक्षण असतं. तो काय वाजवतोय, ते कोणालाच ऐकू येत नाही. हे संरक्षण मी स्वतःच्या बोनसचे पैसे घालून घालवलं, आणि तेही काकांच्या सल्ल्याने!

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. ती नुसती छेडली तर मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. तिला अॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. माझी गिटार मला मेव्हण्याने फुकट दिली. (तो काहीही फुकट देत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.) बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कारकुनी करता करता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती गिटार घेऊन एका बँडमध्ये शिरलो. बँडचं नाव ‘थंड हवा’. बुलढाण्यात अभिमानाने सांगण्यासारखं आणखी काय आहे, यावर आम्ही तीन बैठका घेतल्या आणि शेवटी हेच नाव ठेवलं.

बँडमध्ये आम्ही चौघे. विक्याचं चष्म्याचं दुकान. तो गायचा, गिटार वाजवायचा आणि पुढारीपण करायचा, कारण तालीम त्याच्याच दुकानामागच्या खोलीत व्हायची. प्रदीप ड्रम बडवायचा. कीबोर्डवर शेंडे सर. ते शाळेत संगीत शिकवायचे, म्हणजे आमच्यात संगीत येणारे ते एकटेच. आणि चौथा मी. आठ महिने मी पोराच्या कॉम्प्युटरच्या इवल्याशा स्पीकरला गिटार जोडून वाजवत होतो. प्रदीपची पहिली काठी पडली की तो स्पीकर संपलाच. माझं वाजवणं मला स्वतःलाही ऐकू यायचं नाही. त्यामुळे मी फार उत्तम वाजवतो, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

अशातच साखरखेर्ड्याच्या आमच्या काकांच्या नातीचा, प्राचीचा, साखरपुडा ठरला. देऊळगाव राजाचं मंगल कार्यालय, भर दुपारचा मुहूर्त. ‘आमचा बँड वाजवेल,’ असं मी काकांना परस्पर सांगूनही टाकलं. हे कळल्यावर विक्याने मला बाजूला घेतलं.

“दिलीपभाऊ, राग नका मानू. पण तुमी वाजवता का नुसतेच उभे राह्यता, हेच समजत नाही.”

“वाजवतो ना बे! पाच महिन्यांपासून वाजवून राह्यलो!”

“मंग आयकू काऊन येत नाही? शेंडे सर म्हणतात, बास तं कीबोर्डवर डाव्या हातानंही होते. साखरपुड्याच्या आत मोठी पेटी आणा. नाही आणली तर सर वाजवतीन, तुमी पंगतीले बसा.”

म्हणजे माझ्याच पुतणीच्या साखरपुड्यात, माझ्याच सगळ्या नातेवाईकांसमोर, माझी जागा एका माणसाचा डावा हात घेणार होता! मी चवताळून अभ्यासाला लागलो. दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. वीस वॉटची पेटी घरात सरावापुरती ठीक, पण ड्रमसोबत वाजवायचं तर शंभर वॉट तरी हवेत. स्पीकर दहा इंची की बारा इंची, नवी की वापरलेली, वजन किती, एसटीत चढवता येईल का... सगळ्याचा मी तक्ता केला. (कचेरीत माझे तक्ते प्रसिद्ध आहेत. काम होत नाही, तक्ता होतो.) शेवटी जालन्याच्या एका बँक अधिकाऱ्याची वापरलेली पेटी सापडली. शंभर वॉट, एका हातात उचलता येईल अशी, आणि माझ्या बजेटमध्ये बसणारी. अगदी तक्त्यातून उतरल्यासारखी! फक्त जाऊन आणायची होती.

आणि मी काकांना फोन केला.

का केला, ते सांगितलं पाहिजे. आमच्या घराण्यात वायर असलेली वस्तू काकांना विचारल्याशिवाय घरात येत नाही. विहिरीवरची मोटार, कडबाकटर, फ्रीज, इतकंच काय, आत्याचं कानातलं ऐकायचं यंत्रसुद्धा काकांनीच पास केलेलं. लोकांच्या खिशाला पेन असतो, काकांच्या खिशाला टेस्टर. लग्नानंतर मी एकदाच हिंमत करून परस्पर मिक्सर आणला होता. तो सातव्या महिन्यात चटणी वाटता वाटता वारला. तेव्हापासून घराण्यात मी ‘मिक्सरवाला दिल्या’. तो डाग मला धुऊन काढायचा होता.

“जालन्याले मी येतो,” काका म्हणाले. “तू एकटा जाऊ नको. फसतं तू.”

जालन्याला काकांनी पेटीभोवती एक फेरी मारली. मग ती एका हाताने उचलली. मग दोन बोटांनी उचलली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की मला मिक्सरची आठवण झाली.

“हे काय होय? अंदर काही भरलं हाय का नुसता डबाच देऊन राह्यले?”

“काका, ही क्लास-डी असते. नवीन तंत्र आहे. वजनाला हलकी, पण शंभर वॉट...”

“डी?” काका म्हणाले. “काऊन, ए-बी-सी संपले काय?”

बँक अधिकारी कसनुसं हसले. काकांनी टेस्टर काढून पेटीवर टकटक केली. “वाइंडिंग कायची हाय साहेब? अंदरची तार तांब्याची का अल्युमिनिअमची?”

“ते... मला नाही हो माहीत.”

“विकणाऱ्याले मालूम नाही अन् घेणाऱ्यालेही मालूम नाही! चाल दिल्या.”

या ठिकाणी मी दोन महिन्यांच्या अभ्यासाच्या बळावर ठामपणे एक वाक्य बोललो. मी म्हणालो, “काका म्हणतात ते बरोबर आहे.”

परतीच्या एसटीत काकांनी मला मशीन कसं पारखायचं ते शिकवलं. “मोटार अशी पाह्यजे का दोघाइले उचलता नाही आली पाह्यजे. वजन हाय म्हणजे तांबं हाय. तांबं हाय म्हणजे मशीन हाय. बाकी समदं रंगरंगोटी.” मी मान डोलावली. तक्ता माझ्या खिशात घामाने भिजत होता.

काका मला थेट देऊळगाव राजाच्या देवानंद मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीचा धंदा जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा. काकांच्या मोटारी पंचवीस वर्षं त्याच्याकडेच येतात. (त्या पंचवीस वर्षं का जळतात, हा प्रश्न घराण्यात कोणी विचारत नाही.) मिस्त्रीकडे एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा अठरा इंची स्पीकर आणि त्याच्या मशीनचं सामान पडून होतं.

“यात ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळतो, काका. अस्सल तांबं. व्होल्टेज दीडशेवर आलं तरी मशीन बंद पडणार नाही.”

“किती वॉट होतील?” मी विचारलं.

“सर, तुमी आवाज पहा. वॉटाचं काय घेऊन बसले!”

पंधरा दिवसांनी पेटी तयार झाली. सागवानी फळ्या, त्यावर लोखंडी अँगल, चार कोपऱ्यांना चार दणकट हँडल. पुढच्या बाजूला पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची दोन बटनं, एक हिरवं आणि एक लाल. आवाज वाढवायला पंख्याचा रेग्युलेटर! एक ते पाच.

“मिस्त्री, आवाज कमी कसा करायचा?”

“एकवर ठेवा.”

“आणि त्याहून कमी?”

“लाल बटन.”

काकांनी ती चार माणसं लावून शेजारच्या धान्याच्या काट्यावर चढवली. चौसष्ट किलो! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथेच फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला, ‘दिल्याची मशीन. ६४ किलो. तांबं.’ पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. (आत्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. ती सगळ्यालाच देते.) आणि किंमत जालन्याच्या पेटीच्या निम्मी! स्वस्तात मस्त म्हणतात ते हेच, असं मलाही क्षणभर वाटून गेलं.

पेटी घरी नेण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि माझी बायको संगीता म्हणाली होती, “ते घरात येईन, तं मी बाहेर जाईन.” दुकानात वाजवून पाहू म्हटलं, तर मिस्त्री हात लावू देईना, वार्निश ओलं आहे म्हणून. ते साखरपुड्याच्या सकाळपर्यंत ओलंच होतं. म्हणजे आठ महिने न ऐकलेला माझा बास पहिल्यांदा ऐकण्याचा मान दोन्हीकडच्या चारशे पाहुण्यांना एकदम मिळणार होता.

दुपारी साडेबाराला आम्ही चौघांनी पेटी स्टेजवर चढवली. विक्याच्या पाठीतून एक आवाज आला. शेंडे सरांनी ‘अरे राम’ म्हटलं. काकूंनी पेटीला हळद-कुंकू वाहिलं, पुढे नारळ फोडला आणि काकांनी माईक हातात घेतला. “पाव्हणे मंडळी, ही मशीन पसंत करून देल्ली आपण. जालन्याची रिकामी पेटी घेत होता हा.” टाळ्या झाल्या. नवऱ्या मुलाचे आजोबा पुढच्या सोफ्यावर कौतुकाने सावरून बसले. काकांनी स्वतःच्या हाताने हिरवं बटन दाबलं.

मी पहिला स्वर वाजवला.

धुम्म्म्!

छताच्या पंख्यांवरची धूळ खाली आली. पंगतीत मांडलेली ताटं एकमेकांशी बोलायला लागली. गुरुजींच्या पाटावरच्या सुपाऱ्या चालू लागल्या, आणि गणपतीची सुपारी हळूहळू वरपक्षाकडे सरकली. पण खरा प्रकार पुढेच होता. चारशे माणसांबरोबर मीसुद्धा माझं वाजवणं पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते गाण्याशी संबंधित नव्हतं.

शेंडे सर माझ्याकडे वाकले. “दिलीपराव, कोणत्या पट्टीत वाजवून राह्यले?”

“कोणत्या म्हणजे? आपल्याच!”

“आपली काळी दोन हाय हो. हे काय होय?”

“आठ महिने हाच वाजवत होता काय हा?” गाता गाता विक्या ओरडला. माईक चालू होता, त्यामुळे हा प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत गेला.

मी घाबरून काकांना हाताने खूण केली, कमी करा, कमी करा. काकांना वाटलं, पोराला जोर चढला. त्यांनी रेग्युलेटर तीनवर नेला! आता मी एक स्वर चुकलो की तो प्रत्येकाच्या पोटात चुकत होता. कडेवरची पोरं रडायला लागली. आत्याने कानातलं यंत्र काढून बटव्यात ठेवलं. गाणं एकदाचं संपलं, सगळे थांबले, आणि त्या शांततेत दोन मात्रा उशिरा, एकटाच, माझा शेवटचा स्वर आला. धुम्म्म्! आजोबांच्या हातातलं सरबत धोतरावर सांडलं.

तेव्हा बायकांच्या रांगेतून संगीता उठली. शांतपणे स्टेजवर आली आणि तिने लाल बटन दाबलं.

“काऊन बंद केली?” काका कळवळले. “मशीन बिघडली काय?”

“मशीनले काही नाही झालं काका,” ती म्हणाली. “तिचं तांबं अस्सलच हाय. हे अल्युमिनिअमचे निघाले.”

कार्यालय हसलं. प्राचीही हसली, आणि आजोबा तर ओल्या धोतरासकट हसले. शेंडे सरांनी गुपचूप माझ्या पेटीतून माझी वायर काढली आणि कीबोर्डची लावली. पाहुण्यांत बसलेल्या मिस्त्रीने येऊन रेग्युलेटर एकवर आणला आणि हिरवं बटन दाबलं. दुसऱ्या गाण्याला सरांच्या डाव्या हाताचा बास असा काही घुमला, की वरमाय उठून नाचली. काका पेटीशेजारी छाती काढून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “मशीन अशी पाह्यजे. काहीच लपवत नाही.”

मी पंगतीला बसलो. वाईट वाटलं. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं. आठ महिने मी ‘मला कोणी ऐकतच नाही’ म्हणून रडत होतो, आणि लोकांनी ऐकलं तर हे! वाढपी गुलाबजाम घेऊन आला. त्याने मला ओळखलं आणि न विचारता चार वाढले.

हात धुवायला गेलो, तर मागे विक्या, कमरेवर हात दाबून उभा.

“दिलीपभाऊ, पुढच्या महिन्यात चिखलीले कार्यक्रम भेटला. वरपक्षाचेच पाव्हणे हायेत. तुमी पाह्यजेच.”

मला भरून आलं. “मी? खरंच?”

“हाव ना. तिघाइले उचलत नाही ते.”

तर ‘थंड हवा’मध्ये मी अजून आहे. मागच्या बाजूचं डावं हँडल माझ्याकडे असतं. शेंडे सर “एक, दोन, तीन” म्हणतात आणि आम्ही चौघे उचलतो. सगळ्यांच्या बरोबर, अगदी वेळेवर सुरू होण्याची तेवढी एकच जागा मला या बँडमध्ये सापडली आहे.