खाजेवरचा दोरा

जेटीवर फाटकी जाळी शिवणारे चाचा आणि मी, दोघांनाही एक्झिमा. माझा मनगटावर, त्यांचा कोपराच्या आतल्या बाजूला. मी होडीची वाट बघत खाजवत बसायची. त्यांचे हात मात्र जाळ्यावरून हलत नसत. जाळं शिवून झालं, की त्यांचीही नखं सुरू.

एकदा म्हणाले, "खाज कातडीत कमी नि डोक्यात जास्त असते गो. डोक्याला काम दे, गप बसेल." आणि गुंतलेल्या दोऱ्याचा गोळा माझ्या मांडीवर टाकला. "हा सोडव."

तेव्हापासून रोज एक गुंता तयार असतो. तो सुटेपर्यंत मला मनगट आठवत नाही.

काल मी लवकर पोचले. चाचा चांगला सरळ दोरा मन लावून गुंतवत होते.

मी आवाज न करता मागे फिरले आणि नेहमीच्या वेळेला परत आले.