झेंडूच्या पाकळ्या

आमच्या शाळेत एक पद्धत आहे. प्रजासत्ताक दिनाला जो झेंडा फडकवणार, त्याच्याच अंगणातल्या झेंडूच्या पाकळ्या झेंड्यात बांधायच्या. आदल्या दिवशी दुपारी शिपाई टोपली घेऊन त्या घरी जातो. वीस वर्षं ती टोपली माझ्या काकांकडे जात होती.

काका ब्रिगेडियर. कर्जतच्या एका मास्तरांचा मुलगा. सीमेवरच्या लढाईत हजारो माणसं त्यांच्या हाताखाली होती. निवृत्त होऊन आले तेव्हा स्टेशनापासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. मीही ओवाळलं. लढाई संपायच्या आतच त्यांना तिथून हलवलं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या भाषणात ते दरवर्षी सांगत, "त्या टेकडीवर मी माझ्या जवानांबरोबर चढलो." पहिल्या रांगेत कळंबकडची एक बाई बसलेली असे. तिचा जवान नवरा त्याच टेकडीवर मारला गेला. भाषण संपलं की ती काकांच्या पाया पडायची.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हाताखालचा एक अधिकारी टीव्हीवर बोलला. त्या टेकडीच्या वाटेवर मशीनगन आहेत असा निरोप दोनदा आला होता. तरी काकांनी भर दिवसा दुसऱ्या हल्ल्याचा हुकूम दिला. स्वतः मात्र खाली तळावरच होते. चौकशीचे कागद त्याने पडद्यावर दाखवले.

शाळा समितीची चिटणीस मी. यंदा टोपली कळंबच्या त्या बाईकडे पाठवायची, हा ठराव मीच मांडला. त्यात मला काही जड गेलं नाही. काकांना सांगणं जड होतं, आणि ते मी पुढे ढकलत राहिले. ती माझी चूक.

पंचवीस तारखेला संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर पाकळ्या सुट्या करून परातीत भरून ठेवलेल्या. ब्लेझरवर पदकं लावून तो खुर्चीच्या पाठीवर टांगलेला.

"शिपाई आजारी आहे का गं?"

"टोपली दुसरीकडे गेली, काका."

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

सकाळी ते चालत शाळेत आले. साधा स्वेटर घालून पालकांच्या मागे उभे राहिले. त्या बाईने दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. मग ती मुलांच्या रांगांमधून सरळ त्यांच्यापाशी गेली.

"सायेब, एकच इचारते. माजा मानूस वर चढला तवा तुमी संगं होता का नाय?"

मी मध्ये पडले. "बाई, मुलं ऐकतायत."

"ऐकू दे की. भाषण बी ऐकलंच हाय त्यांनी."

"नव्हतो," काका म्हणाले. "मी खाली होतो."

"आन् वाटंवर काय हाय, ते ठावं होतं?"

"होतं."

ती जराही रडली नाही.

"वीस वर्सं पाया पडले तुमच्या. एकदा तरी पाय मागं घ्यायचे हुते, सायेब."

काकांच्या घरी परात तशीच होती. सुकलेल्या पाकळ्या मी खताच्या खड्ड्यात टाकल्या आणि परात घासून ठेवली.

महिन्याभराने माझी मुलगी बारावीच्या पहिल्या पेपराला निघाली. काकांपुढे नमस्काराला वाकली, तर त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती वाकलेलीच माझ्याकडे बघत राहिली.

"चल," मी म्हटलं, "उशीर होतोय."