डालग्याखालचा नवरदेव

आमच्या गोळा क्लबाचे किस्से मी सांगायला बसलो, की बायको आतून ओरडते, "चार बोटांची वीत करू नका!"

तिचं खरं असावं. जन्मभर कलबुर्गीच्या कॉलेजात गणित शिकवलं, त्यात डॉक्टरेट केली, पण स्वतःच्या आठवणीवर माझा काडीचा भरवसा नाही. किस्से तुरीच्या ढिगासारखे साठत जातात. खालचे दबतात, वर नवे पडतात, आणि कुठला कुठल्या साली झाला ते काही केल्या सांगता येत नाही. शंका आली तर क्लबातल्या हाशमसाबला विचारावं. त्याला माझ्याहून कमी आठवतं, पण जे सांगतो ते ठाम सांगतो!

* * *

मुलगी न्यूझीलंडला असते. तिच्या गावात म्हातारी माणसं हिरवळीवर जड गोळे घरंगळत सोडतात. आधी एक लहान पांढरा चेंडू लांब सोडायचा. मग ज्याचा गोळा त्या चेंडूच्या जास्त जवळ थांबेल, तो जिंकला. पळायचं नाही, उडी मारायची नाही, कुणी अंगावर येत नाही. एखादा खेळ आपल्यासाठीच काढलाय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निघताना तिथल्या लोकांनी जुने आठ गोळे आणि एक चेंडू भेट दिला.

हैदराबादच्या विमानतळावर बॅग उघडली. अधिकाऱ्याने एक गोळा हातात तोलून पाहिला. मग म्हणाला, "क्या चचा, तोपां के गोले लेको जारे?"

खेळाचे नियम मी इंग्रजीत पहिल्यापासून समजावून सांगितले. दहा मिनिटं! शेवटी त्यानेच हात जोडले.

"व्हय साहेब, बीदरच्या किल्ल्यात तोफ हाय, गोळे तेवढे कमी पडले होते." हे उत्तर मला घरी येताना झहीराबाद ओलांडल्यावर सुचलं.

* * *

आता हिरवळ हवी. आमच्या गावाच्या, चिटगुप्प्याच्या बाहेर माझ्या मित्राचं, गुंडप्पाचं शेत आहे. त्याने एक कोपरा दिला. मी हैदराबादहून लॉनचे गालिचे मागवले, अंथरले, तीन आठवडे रोज पाणी घातलं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी गुंडप्पाचा फोन.

"सर, लॉन कुठून आनलं हुतं?"

"का हो?"

"शेळ्या म्हनायल्यात, अजून मागवा!"

मी इतका खचलो की गोळे परत पाठवायला किती खर्च येईल, याची चौकशी सुरू केली. गुंडप्पालाच दया आली. त्याने जमीन भिजवली, वर बैल फिरवले, शेणाने सारवली आणि तुरीचं खळं दिवाळीलाच तयार करून दिलं. तळहातासारखं सपाट! गोळा असा सुळकन जाई, की न्यूझीलंडवाल्यांनी हिरवळ उपटून टाकली असती.

पांढऱ्या चेंडूचं नाव पडलं नवरदेव. कारण सगळं वऱ्हाड त्याला चिकटायला धडपडायचं.

* * *

हे गोळे एका अंगाला जड असतात. सरळ सोडला तरी शेवटी वळतो. पहिल्या दिवशी मी फळा मांडून गुरुत्वमध्य काढून दाखवला. वक्र रेषा आखली. क्लबातले बाकीचे सात जण माना डोलावत होते.

हाशमसाब निवृत्त बस ड्रायव्हर. तो उठला, गोळा घेतला, भलत्याच दिशेला सोडला. गोळा डुलत डुलत वळला आणि नवरदेवाला टेकून उभा राहिला.

मी विचारलं, "हे कसं जमलं तुम्हाला?"

"सीधा रस्ता है कां सर, अपने तालुके में?"

* * *

तिकडे सगळे पांढऱ्या कपड्यांत खेळतात. आपणही शिस्तीने खेळावं म्हणून मी पांढरे शर्ट, पांढऱ्या पँटी ठरवल्या. पहिल्याच दिवशी आठ म्हातारे पांढऱ्याफेक कपड्यांत बांधावरून निघालेले बघून रस्त्यावर एक जीप थांबली. एकाने उतरून हळूच विचारलं, "कोन वारलं?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची एक आजी आली. माझ्यासमोर कागद धरून म्हणाली, "सायब, दीड वरीस झालं, पेन्शन न्हाई. तुमी लोकं मतापुरतं येताव!"

मी पुढारी नाही, हे तिला पटेना. शेवटी अर्ज लिहून दिला. योगायोगाने पुढच्या महिन्यात तिची पेन्शन सुरू झाली. मग काय! रोज खेळायच्या आधी पाच-सहा अर्ज. आम्ही पुन्हा रंगीत शर्टांवर आलो.

* * *

आमचा सीझन दिवाळीपासून येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जेवायच्या सणापर्यंत. येळवस झाली की तुरी कापायच्या आणि मग खळं गुंडप्पाचं. म्हणून शेवटच्या स्पर्धा येळवशीलाच, त्याच्याच शेतात, सगळ्यांच्या बायकामुलांसकट. जिंकणाऱ्याला बिदरी कामाचा छोटा कप वर्षभर घरी ठेवायला मिळतो. बरोबरी झाली तर दोघांच्या घरी सहा-सहा महिने. आणि जिंकणाऱ्याच्या घरून पुढल्या येळवशीची सगळ्या क्लबाची पंगत, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यायची. हा नियम आम्ही आठ पुरुषांनी एकमताने केला होता.

गुंडप्पाने एकदाही कप जिंकला नव्हता. कपासाठी त्याने घरातला एक कोनाडा रिकामा करून, चुना लावून, वर लाइटसुद्धा बसवून घेतला होता. दर वर्षी त्याची बायको काशक्का त्यात डाळीचा डबा ठेवायची आणि दर वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी गुंडप्पा तो काढायचा.

दोन वर्षं कप आमच्यातल्याच माणिकराव मास्तरांकडे गेला होता. गुंडप्पा चिडून म्हणायचा, "खळं माझं, शेन माझं, बैल माझे! अन् कप तेवढा मास्तरचा?"

"गुंडप्पा, बैलांनी खेळायचं ठरवलं तर तुझं काही खरं नाही," मास्तर म्हणायचे.

* * *

आणि त्यानंतरच्या येळवशीला फायनल लागली ती गुंडप्पा आणि मास्तर यांचीच. अंपायर मी.

शेवटची फेरी. मास्तरांचा गोळा नवरदेवाच्या डावीकडे थांबला. गुंडप्पाने डोळे मिटले, खळ्याला नमस्कार केला आणि सोडला. तो उजवीकडे येऊन थांबला. दोन्ही नवरदेवापासून साधारण चार बोटांवर. साधारण!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या खिशात शिंप्याची टेप होती. ती ताणली जाते, अशी मला शंका आली. मी जाहीर केलं, "स्टीलची टेप आणल्याशिवाय निकाल नाही."

"सर, डोळ्यानं दिसायलंय की बरोबरी हाय!" गुंडप्पा म्हणाला.

"डोळे पुरावा नसतात, गुंडप्पा."

हाशमसाब मोटारसायकलवर टेप आणायला गावात गेला. तोवर पुरुषांनी जेवून घ्यावं असं ठरलं. पण शेळ्यांचा अनुभव होता. मी कोंबड्यांचं मोठं डालगं आणून नवरदेवावर आणि दोन्ही गोळ्यांवर अलगद पालथं घातलं. राखणीला कुणाला बसवावं, यावर बराच विचार केला. मग मुद्दाम एका बाजूला काशक्काला आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांच्या बायकोला, सुमनबाईंना बसवलं. दोघींचे हितसंबंध परस्परविरोधी, म्हणजे एकीवर दुसरीचा आपोआप पहारा. ही रचना मला फार शास्त्रीय वाटली होती.

कडब्याच्या कोपीत जेवतानाही माझं लक्ष तिकडेच. एकदा सुमनबाई आंबील वाढायला आल्या, एकदा काशक्का उंडे घेऊन आली. पण दोघींतली एक कायम डालग्याजवळ होती. मी निश्चिंत झालो.

टेप आली. डालगं उचललं. बघतो तर, दोन्ही गोळे नवरदेवापासून चांगले वीतभर लांब!

"मघाशी जवळ हुता की माझा!" गुंडप्पा ओरडला.

"माझाही जवळच होता," मास्तर म्हणाले.

बायकोचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. म्हटलं, चुकलं असेल ते माझंच. मी खुलासा केला, की गोळा सोडायच्या जागेवरून बघताना अंतर नेहमी कमी दिसतं. आकृतीही काढली. मग तीन वेळा मोजलं. मास्तरांचा गोळा तीन मिलिमीटर जवळ.

"म्हंजी किती?" गुंडप्पाने विचारलं.

"ज्वारीच्या दाण्याएवढं."

त्या संध्याकाळी डाळीचा डबा कोनाड्यात परत गेला. माझी झोप मात्र गेली. आपल्याच बोटाने गोळा हलला असेल का? टेप तिरकी धरली असेल का?

* * *

यंदाच्या येळवशीला, इतक्या वर्षांनी, मला राहवेना. कोपीजवळ काशक्का आणि सुमनबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो.

"काशक्का, त्या फायनलला बहुतेक माझं मोजायला चुकलं. गुंडप्पावर अन्याय झाला. माफी मागायची होती."

"तुमचं न्हाई चुकलं सर." ती शेंग सोलतच राहिली. "तुम्ही नीट मोजलाव. मीच माझ्या अंगाचं डालगं इतकंसं उचलून आमच्या मालकाचा गोळा मागं सरकावली हुती."

"कामून?" घाबरून मीसुद्धा तिच्याच बोलीत विचारलं.

"चाळीस मान्सांची भज्जी कोन करावं? तुम्ही?"

सुमनबाईंचा हात शेंगेवरच थांबला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "तू बी?"

"बी म्हंजी?" काशक्काने मान वर केली.

"मला वाटलं, मी एकटीच! तू उंडे घिऊन गेलीस तवा मी आमच्या ह्यांचा सरकावले. अन् तरी मेला जिंकला!"

दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. पदरातल्या तुरी सगळ्या मातीत गेल्या. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो. मला एवढंच विचारायचं होतं.

"मी झाकलं, तेव्हा गोळे नवरदेवापासून किती लांब होते?"

दोघींनी एकमेकींकडे न बघता, एकदमच, चार चार बोटं वर केली.