आधी शेजाऱ्याला विचारणारी आत्या

बातमी आली तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात होते. वडिलांचा फोन सहसा संध्याकाळी येतो, म्हणून सकाळीच त्यांचं नाव दिसल्यावर मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. "आक्का गेली गं," ते म्हणाले. मागून खळ्यावर भात झोडल्याचा आवाज येत होता. "चा घेतला, पेपर मांडीवर घेतला... मला वाटलं, डोळा लागलाय." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी इंदूआत्या. नांद्यावरून गावी, कासार आंबोलीला जाईपर्यंत मी काही रडले वगैरे नाही. एवढंच मनात येत होतं, की ही बाई कोण होती हे या रस्त्यावरच्या कुणाला ठाऊक नाही. आपल्याला तरी कितपत ठाऊक आहे?

गावात तिला 'दिल्लीची साहेबीण' म्हणत. ती सरकारी नोकरीत होती, रस्ते-वाहतुकीच्या खात्यात, इतपत सगळ्यांना माहीत. नोकरीची शेवटची बरीच वर्षं तिनं काय केलं, ते मात्र समजावून सांगायला अवघड होतं. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार शेजाऱ्यांनी एकमेकांची वाहनं एकमेकांच्या रस्त्यांवर सरळ जाऊ द्यावीत, त्यासाठी चौघांचे मिळून एकच नियम असावेत, यासाठी ज्या बैठका चालत, त्यांत आपल्या बाजूनं मसुदा लिहिणाऱ्यांमध्ये ती होती. माझ्या वडिलांना तिनं ते एकदा बांधावर बसून सांगितलं. "समज, तुझा ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या रानातून न्यायचाय. वाट कुठली, कधी न्यायचा, चाकानं त्याचं पीक मोडलं तर भरून कुणी द्यायचं, आणि तुझा ड्रायव्हर तिथं कुणाशी भांडला तर त्याला रागवायचं कुणी... हे आधी ठरवायला नको?" वडील म्हणाले, "आगं, हितं दोन भाव एका बांधावरनं कोर्टात जात्यात. तू चार देशांचं काय घिऊन बसलीस?" ती हसली. "म्हणूनच वेळ लागतोय," म्हणाली.

तिच्या या कामामागे एक जुनी गोष्ट होती. ती शाळेत असताना आमच्या भातखाचरांतून रस्ता गेला. एका सकाळी माणसं आली, चुन्याची रेघ मारून गेली, आणि पुढच्या वर्षी घर रस्त्याच्या एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला झाली. आजीला हंडे घेऊन ट्रकांच्या मधून पलीकडे जावं लागे. आजोबांचा रस्त्याला विरोध नव्हता. त्याच रस्त्यानं दवाखाना जवळ आला, एसटी आली, आत्या पुण्याला इंजिनिअरिंगला जाऊ शकली. पण ते आयुष्यभर एकच म्हणत राहिले, "इचारलं असतं तर इहिरीला वळसा घालून न्या म्हनलो असतो. कुनी इचारलंच न्हाई." आमच्यापैकी बाकीच्यांना ती म्हाताऱ्याची कुरकुर वाटायची. आत्यानं मात्र ते वाक्य सोबत घेऊन नोकरी केली, हे मला आता कळतंय.

एकदा तिच्याबरोबर मी बांगलादेशाच्या सीमेवर गेले होते. तिचा हात मोडला होता, प्लॅस्टर होतं, बॅग धरायला कुणीतरी हवं म्हणून मी रजा काढली. मला वाटलं होतं, सीमा म्हणजे तारा आणि बंदुका. प्रत्यक्षात होती ट्रकांची रांग, तिचं टोकच दिसेना. इकडचा ट्रक सीमेपाशी यायचा, त्यातली पोती माणसं पाठीवर उतरवायची आणि पलीकडच्या ट्रकमध्ये चढवायची. रांगेतल्या ड्रायव्हरांनी चुली मांडल्या होत्या, दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते. एका ट्रकमधले कांदे सडून त्याचं पाणी खाली गळत होतं. आत्या त्या रांगेतून चालत सुटली. एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हातानं पदर खोचलेला. ट्रकवाल्याला विचार, हमालाला विचार, चहावालीला विचार. बंगाली मोडकंतोडकं, पण लाज नाही. मी म्हणाले, "आत्या, हे सगळं बंद करून ट्रक सरळ जाऊ दिले की झालं ना?" ती थांबली. "जाऊ द्यायचेतच. पण या पोती उचलणाऱ्यांचं काय, ते करारात कुठेतरी यायला हवं. नाहीतर उद्या हेच लोक पहिला ट्रक अडवतील, आणि मला त्यांना चूक म्हणता येणार नाही." संध्याकाळी दोन्ही देशांचे अधिकारी चहाला जमले. माझ्या डोळ्यांदेखत ती त्या हमालांचा विषय सगळ्यांच्या गळी उतरवत होती, आवाज न चढवता. मी तिला आत्या म्हणते, हेच मला त्या क्षणी विचित्र वाटलं... एवढी मोठी ती मला दिसली.

पुढे चौघांनी करारावर सह्या केल्या. टीव्हीवर हात मिळवणारे नेते दिसले, आत्या कुठेच दिसली नाही. काही काळानं बातमी आली, की भूतानच्या संसदेनं मान्यता दिली नाही, ते तूर्त बाहेर राहणार. त्यानंतर आत्याची बदली एका कोपऱ्यातल्या टेबलावर झाली आणि तिथूनच ती निवृत्त होऊन गावी आली. काय घडलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायची, "झालं ते नीट झालं. तू चहा टाक." मला वाटे, तिला अपयश सलत असणार. आयुष्यातली इतकी वर्षं घालून एक शेजारी शेवटी सुटलाच की.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या दारात एक टॅक्सी थांबली. उतरले ते साठीच्या पुढचे, बुटके, टोपी हातात घेतलेले गृहस्थ. त्यांनी हिंदीत विचारलं, "इंदूजींचं घर हेच का?" नाव दोर्जी. भूतानच्या बाजूनं त्या बैठकांना बसणाऱ्यांत ते होते. मुलीकडे बंगळूरला आले होते, बातमी कळली, तिथून पुण्याला आले, आणि विचारत विचारत थेट कासार आंबोलीला. वडिलांनी त्यांना ओसरीवर बसवलं. नात्यागोत्यातला नसलेला कुणी माणूस आत्यासाठी इतक्या लांबून येतो, हे वडिलांच्या पचनी पडत नव्हतं.

दोर्जीसाहेबांनी सांगितलं ते असं. सह्यांआधीच्या शेवटच्या मोठ्या बैठकीत मसुदा तयार होता, तिघांची तयारी होती, आणि भूतानची मंडळी गप्प होती. चौघं एकत्र दिसलेच पाहिजेत, असा वरून दबाव होता. सगळे त्यांना आकडे दाखवत होते, किती फायदा, किती माल. "तेवढ्यात चहाची सुट्टी झाली," ते म्हणाले, "आणि त्या आपली खुर्ची उचलून टेबलाच्या आमच्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, फायद्याचं राहू द्या, तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा. इतक्या वर्षांत आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्या खोऱ्यात रस्ता एकच आहे. त्यावरून मुलं शाळेत चालत जातात, गुरं जातात. तिन्ही देशांचे ट्रक त्यावर आले, तर आम्ही चालायचं कुठे? त्यावर त्यांनी मला तुमच्या विहिरीची गोष्ट सांगितली."

वडिलांनी मान खाली घातली.

सुट्टी संपल्यावर आत्या बोलायला उभी राहिली, आपल्याच वरिष्ठांसमोर. म्हणाली, आपल्यासाठी तो वाटेवरचा एक टप्पा आहे, त्यांच्यासाठी ते अंगण आहे. सह्या चौघांनी कराव्यात, पण त्यांच्या लोकांना, त्यांच्या संसदेला ठरवायला जितका वेळ लागेल तितका लागू द्या, तोवर बाकीच्यांनी सुरुवात करावी. जो थांबेल त्याला कसलाही भुर्दंड नको, आणि जो उशिरा येईल त्यालाही पहिल्यांसारख्याच अटी मिळाव्यात. तिच्या साहेबांचा चेहरा कसा झाला होता, तेही दोर्जींनी करून दाखवलं, आणि आम्ही त्या दुःखातही हसलो. "माझ्या देशाला नाही म्हणता आलं," ते म्हणाले, "आणि नाही म्हणूनही मैत्री टिकली. मोठ्या देशाची एक बाई आमच्यासाठी उभी राहिली आणि त्याची किंमत तिनं एकटीनं मोजली. मी त्यांचे कधी नीट आभार मानले नाहीत. सरकारी माणसं आम्ही... कुठे मानायचे?"

जे मी अपयश समजत होते, ते तिनं डोळे उघडे ठेवून केलेलं काम होतं, आणि त्यानंतर याच ओसरीवर बसून ती शेंगा सोलत राहिली होती, एका शब्दानंही न बोलता. वडिलांना हिंदी बेताचीच येते. त्यांनी पाव्हण्यांचा हात धरला आणि म्हणाले, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई." दोर्जीसाहेब आमच्या रानातल्या इंद्रायणी तांदळाचा भात आणि पिठलं जेवले, आत्याच्या खोलीत थोडा वेळ एकटे बसले आणि उन्हं कलायच्या आत निघाले. खरं तर त्या सीमेवर अजूनही बराचसा माल उतरवूनच चढवला जातो. काही गाड्या सरळ गेल्या, काही नियम कागदावरून रस्त्यावर आले, पुष्कळ काम बाकी आहे. तेही त्यांनी लपवलं नाही.

मागच्या रविवारी मी गावी होते. वरच्या अंगाला ज्यांनी बंगला बांधलाय, ते पुण्याचे गृहस्थ गाडी घेऊन आले होते. त्यांना आमच्या रानाच्या कडेनं गाडीवाट हवी होती. वडिलांची जमीन, वडिलांची मर्जी, आणि देण्याघेण्याचंही ते चांगलं बोलत होते. वडील हो म्हणणार असंच मला वाटलं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "जरा थांबा. वाट माजी हाय, पन धूळ शेवंताच्या दारात जायाची. तिला इचारून येतो."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?" गृहस्थांनी विचारलं.

"तर दुसरीकडनं बघू."

शेजारची शेवंताकाकू एकटीच राहते. तिला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मी ओसरीवरून बघत होते. वडील तिच्या अंगणात उभे राहून हातानं वाट दाखवत होते, आणि ती सूप खाली ठेवून, पदर सावरून ऐकत होती. मग तिनं काहीतरी विचारलं. वडिलांनी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. बरंच चाललं होतं ते. इकडे गृहस्थ घड्याळ बघत होते. परत आल्यावर वडील म्हणाले, "इच्यार करून सांगते म्हनली," आणि आत्या बसायची त्या जागेवर टेकून त्यांनी मला पाव्हण्यांसाठी चहा टाकायला सांगितला.