वसुबारसेच्या गाईचं पोट

"मॅडम, आधी एवढंच सांगा, विषच आहे ना?"

सेक्रेटरी सावंतांनी मला गेटवरच गाठलं. मी अजून गाय पाहिलीसुद्धा नव्हती. आत सोसायटीच्या बागेत ही गर्दी! धनत्रयोदशीची सकाळ, सगळे घरी. मधोमध एक पांढरी गाय आडवी पडलेली. आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर, क्लब हाउसच्या भिंतीला टेकवून, एका माणसाला उभं केलं होतं. दोघा-तिघांनी त्याची कॉलर धरली होती आणि शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता.

"तो कोण?"

"आमचा माळी, रामसजीवन. झाडांवर औषध मारलं ना त्याने. तीच पानं खाऊन गाय पडली. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो."

पुढचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्या माणसाचा चेहरा बघूनच ते कळत होतं.

आता माझी गोष्ट सांगते. मी जनावरांची डॉक्टर आहे, पण मुलुंडमधली. म्हणजे कुत्री, मांजरं, क्वचित एखादा पोपट. गाईच्या अंगाला शेवटचा हात लावला तो इंटर्नशिपमध्ये. सोसायटीला सगळ्यांत जवळ मी, म्हणून मला बोलावलं. फोनवर 'मोठ्या जनावरांचा डॉक्टर बोलवा' असं मी म्हटलं होतं. "तोपर्यंत गाय मेली तर?" असं पलीकडून आलं, आणि मी बॅग उचलून निघाले. मूर्खपणा म्हणा हवं तर.

शहरात वसुबारस कशी करतात ते माहीत असेलच. गाय-वासराची पूजा करायची, पण गाय आणायची कुठून? देवळाबाहेर गाय घेऊन बायका बसतात, त्यांच्यातल्याच एकीला बोलवायचं. इथे चंद्रकलामावशींना बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी पूजा झाली. सकाळी आणखी काही घरांना नैवेद्य दाखवायचा होता, म्हणून कमिटीने गाय रात्रभर बागेतच बांधून ठेवली आणि मावशींना घरी पाठवलं. सकाळी मावशी आल्या तर गाय उठेना.

मावशी गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बाई, माजी गौरी हाय ही. हिच्याबिगर माजं कुणी न्हाई. कायबी करा, पण वाचवा."

मी गुडघ्यावर बसले. तोंडाला फेस, अंगाला थरथर, शेपटीखाली पातळ शेण, दातांचा करकर आवाज. देवाशप्पथ सांगते, मलाही विषच वाटलं. कारण कीटकनाशकाच्या विषबाधेत हेच सगळं दिसतं. लाळ, थरथर, जुलाब. पुस्तकात जसं लिहिलंय अगदी तसं.

"रामसजीवन, दवा मारी क्या कल?" मी तिथूनच ओरडून विचारलं.

"नहीं मॅडम. कसम से. कोई दवा नहीं मारी."

लगेच सावंतांनी एक बाटली वर धरली. "मग हे काय? याच्याच खोलीत सापडली. अर्धी रिकामी आहे."

गर्दी एकदम पुढे सरकली. कुणीतरी त्याच्या डोक्यात टपली मारली, मग आणखी एकाने. रामसजीवन खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून म्हणाला, "मारी थी, मॅडम. परसों मारी थी. उधर गेट के पास जास्वंद पे. गाय तो इधर बंधी थी. डर के मारे झूठ बोला."

झालं! वाट लागली. भ्यालेला माणूस खोटं बोलतो हे मला कळत होतं, पण तिथे ते कुणाला पटवणार? आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. रात्री दोरी सोडवून गाय गेटपर्यंत गेली नसेल कशावरून?

"पोलिसांना फोन केलात का?" मी विचारलं.

"येतील ते सावकाश," मागून एक आवाज आला. "तोवर आपण बघून घेऊ."

एका गृहस्थांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मॅडम, इथे अँटिडोट दिलंय, अ‍ॅट्रोपिन. तुमच्याकडे आहे ना? मग देत का नाही?"

अ‍ॅट्रोपिन माझ्या बॅगेत होतं. बाटली हातातही घेतली होती मी. ते दिलं असतं तर गर्दी खूश झाली असती, आणि माळी दोषी हे न लिहिताच सिद्ध झालं असतं. पण गाईचा डोळा उघडून पाहिला तेव्हा मी थांबले. कीटकनाशकाने डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. हिची मोठी होती, आणि डोळ्यासमोर बोट नेलं तरी पापणी मिटत नव्हती.

मी पाटणकर सरांना फोन लावला. आमच्या कॉलेजात ते गाई-म्हशी शिकवायचे. आता रिटायर होऊन ठाण्याला असतात.

"सर, गाय आहे. विष वाटतंय, पण बाहुल्या मोठ्या आहेत. लोक अ‍ॅट्रोपिन द्या म्हणतायत."

"लोकांनी डिग्री कधी घेतली? अगं वैशाली, अ‍ॅट्रोपिनने पोटाची हालचाल बंद पडते. पोटाचाच आजार असेल तर तू स्वतःच्या हाताने मारशील तिला. डाव्या कुशीवर हात ठेव आणि हलव. काय ऐकू येतं?"

मी कान लावला. "पाणी, सर. अर्ध्या भरलेल्या हंड्यासारखं डुचमळतंय."

"खाल्लंय काय तिने?"

"पूजेचा नैवेद्य."

"सगळ्यात लांब सुई घे. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या मागे, खालच्या अंगाला घाल. पाणी काढ आणि पीएच बघ. मी ट्यूब घेऊन रिक्षात बसतोय. आणि रडू नकोस."

मी रडत नव्हते. रडायच्या बेतात होते, ही गोष्ट वेगळी.

सरांना कसला संशय आला होता ते सांगते. गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, पाण्याच्या पिंपाएवढा. त्याला आम्ही रूमेन म्हणतो, पुस्तकी मराठीत कोटीपोट. त्यात जिवाणूंची अख्खी वस्ती असते. गवतातलं सेल्युलोज तुम्हाला-मला पचत नाही, आणि गंमत म्हणजे गाईलाही स्वतःला पचत नाही. हे जिवाणू ते सावकाश फोडतात, त्यातून जी सौम्य आम्लं निघतात त्यांच्यावर गाय जगते. हजारो वर्षांपूर्वी माणसाने गाय पाळली ती याच जोरावर. आपण खाऊ शकत नाही ते तिने खायचं आणि आपल्याला दूध द्यायचं. आपलं ताट तिच्यापुढे ठेवायचं, हे त्या करारात नव्हतं.

पीठ, भात, गूळ म्हणजे स्टार्च आणि साखर. हे एकदम भरपूर आलं की पोटात वेगळेच जिवाणू माजतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड करत सुटतात. दही आंबट होतं ते याच अ‍ॅसिडमुळे. वाटीभर दही लागलं तर छान. पिंपभर पोटात लागलं तर अंगातलं सगळं पाणी पोटात खेचलं जातं, रक्त आंबट होतं, गाय झोकांड्या खाते, आंधळ्यासारखी होते आणि पडते. पुढे मरते. याला अ‍ॅसिडोसिस म्हणतात.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. ते मोजायचं कशाने? माझ्याकडे कुत्र्यांची लघवी तपासायच्या पट्ट्या होत्या. त्यावर एक चौकोन पीएचचा असतो. सुई टेकवून मी तीनदा जागा बदलली, तेव्हा मावशींनी माझं मनगट धरलं. "भिऊ नगा बाई," त्या म्हणाल्या. भ्यायचं त्यांनी आणि धीरही त्यांनीच द्यायचा! सिरिंजमध्ये दुधाळ राखाडी पाणी आलं. पट्टीवर थेंब टाकला. चौकोन नारिंगी झाला. डबीवरच्या तक्त्यात त्याहून आंबट दाखवणारा रंगच नव्हता. निरोगी गाईचा चौकोन हिरवट दिसला असता.

मी उभी राहिले. "विष नाहीये. गाईला खाणं बाधलंय."

"काहीतरीच काय!" सावंत भडकले. "म्हणजे नैवेद्याने गाय मरते? आम्ही मारली म्हणता?"

"तुम्ही त्या भय्याला वाचवताय," मागून कुणीतरी ओरडलं. एक मुलगी माझा व्हिडिओ काढत होती. काय सांगू, त्या वेळी मला गाईपेक्षा स्वतःच्या जिवाची जास्त भीती वाटली. गेट लांब होतं आणि मध्ये ही सगळी माणसं होती.

मी सिरिंज सावंतांच्या नाकाखाली धरली. "वास घ्या. घ्या ना! औषधाचा वास येतोय का?"

त्यांनी तोंड फिरवलं. "आंबट… इडलीचं पीठ फार आंबल्यासारखा."

मग मी काडीने शेण पसरून दाखवलं. अख्खे हरभरे, भाताची शितं, भाकरीचे तुकडे. जास्वंदीचं एकही पान नव्हतं. "आता सांगा, कुणी काय काय घातलं?"

एक बाई हळूच म्हणाल्या, "मी फक्त बाजरीच्या दोन भाकऱ्या."

"मी फक्त थोडा गूळ-भात."

"आम्ही फक्त उडदाचे वडे. तेही पाचच."

एकेक 'फक्त' पुढे यायला लागला. सात विंगांची सोसायटी ती! प्रत्येक घराने खरंच थोडंसंच घातलं होतं, आणि प्रत्येक घराला वाटलं होतं की घालणारे आपण एकटेच.

"पण एवढ्याने काय होतंय?" सावंत म्हणाले. त्यांचा आवाज आता चढत नव्हता. "सगळीकडे घालतात लोक."

तेव्हा त्यांची बायको, जी इतका वेळ पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून उभी होती, ती म्हणाली, "अहो, आणि ते घमेलं?"

"कसलं घमेलं?" मी विचारलं.

"रात्री ठेवलं ना यांनी. कणीक आणि गूळ मळून. गोमाता उपाशी राहू नये म्हणून. मी म्हटलं होतं, एवढं कशाला. सकाळी बघितलं तर चाटून-पुसून साफ."

घमेलं झाडामागेच पालथं पडलं होतं. सावंतांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मटकन बाकावर बसले. माळ्याची कॉलर धरणाऱ्यांनी कॉलर कधी सोडली ते मला कळलंही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले लोक असे हळूच पांगतात, त्यांच्याकडे बघायलाच नको.

सर आले तेव्हा मी शिरेतून सलाईन चालू केलं होतं. आल्या आल्या त्यांनी पट्टी पाहिली आणि म्हणाले, "कुत्र्याची पट्टी! बरं आहे." माझ्या अख्ख्या करिअरमधलं हे त्यांच्याकडून मिळालेलं एकमेव सर्टिफिकेट. मग तोंडातून पोटात जाड नळी घातली आणि पोट धुवायला घेतलं. बागेचा पाईप हवा होता. तो कुठे आहे ते रामसजीवनलाच माहीत. तो उठला, पाईप आणला, आणि फाटक्या शर्टाने तासन् तास तिथे पाणी सोडत उभा राहिला. मध्येच सर ओरडले, "खायचा सोडा आणा!" तसा घराघरांतून सोडा खाली आला. आम्लावर उतारा तोच, पण बेताने, नाहीतर पोट फुगतं. दुसऱ्या दिवशी सरांनी एका तबेल्यातल्या निरोगी म्हशीच्या पोटातलं पाणी आणून गौरीला पाजलं. तिची स्वतःची जिवाणूंची वस्ती मेली होती, म्हणून उसनी आणायची. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण लागू पडतं.

गौरी तिसऱ्या दिवशी उभी राहिली आणि तिने मूठभर सुकं गवत खाल्लं. मावशी तिच्या गळ्याला मिठी मारून हमसून हमसून रडल्या. मीही रडले, आता कशाला लपवू? सोसायटीने तिला ओवाळलं. सावंतांनी सगळ्यांदेखत तिच्या पायाशी डोकं ठेवलं आणि म्हणाले, "माते, चुकलो." अगदी मनापासून म्हणाले, त्यात खोट नव्हती. रामसजीवन चार पावलांवर पाईप गुंडाळत होता. त्याच्याकडे कुणी वळलं नाही.

दिवाळीनंतर तो माझ्या क्लिनिकवर आला. गावी चाललो म्हणून सांगायला.

"परत येणार ना?"

"नहीं मॅडम." तो दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "एक बात पूछूँ? गाय मर जाती तो?"

"तरी मी हेच सांगितलं असतं. विष नव्हतं, म्हणून."

"हाँ, आप तो बोलतीं," तो म्हणाला. "पर सुनता कौन?"

मी त्याला पाणी दिलं, तो ते प्यायला आणि गेला.

त्या सोसायटीत आता वसुबारसेला गाईपुढे फक्त चारा असतो, आणि पूजा झाली की मावशी गौरीला लगेच घरी नेतात. एवढं लोक शिकले, नाही म्हणायला नको. नवीन माळी आहे. मध्ये सावंतांच्या कुत्र्याला लस द्यायला गेले होते तर जास्वंदीवर मावा कीड पडून पानं काळी चिकट झालेली. "बघा ना मॅडम," सावंत कुरकुरले, "याला कितीदा सांगितलं औषध मार म्हणून. मान हलवतो, पण बाटलीला हात लावत नाही."