उजव्या पट्टीचं बटण

दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. छडीवाला मास्तर नव्हे, कात्रीवाला. पन्नाशी उलटलेली, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. त्यामुळे बोलणं बेताचंच. घरी मात्र त्याला बाळ्या म्हणणारं एक माणूस होतं, थोरली ताई. आईवडिलांच्या माघारी तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं, स्वतः लग्न केलं नाही आणि त्याच्या दुकानातली काज-बटणं करण्यात हयात घालवली. तिच्याशिवाय त्याला जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि हीच खरी गोम होती.

मास्तरला विडीकाडीचं नाही, पण वाचनाचं व्यसन होतं. आणि वाचायचा काय, तर दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात अशा कादंबऱ्या! हल्ली मिळतात हो अशी पुस्तकं. चौकातला पुस्तकवाला ती मागच्या फळीवर ठेवायचा आणि मास्तर दिसला की काही न बोलता पुढे सरकवायचा. मास्तर घरी येऊन त्यांना कटिंगच्या खाकी कागदाचं कव्हर घालायचा. त्यातल्या चुंबनांनी तो लाजायचा, नाही असं नाही. पण त्याचा जीव खरा अडकायचा तो जेवणाच्या टेबलात. घरच्यांनी हाकललेली चार माणसं एका छपराखाली येतात, कोण कोणाचं लागत नाही, तरी उशीर झालेल्यासाठी जेवायचं थांबतात. ते वाचलं की पुस्तक मिटून तो उगाच खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

अशात ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळे चोळायचे नाहीत, रडायचं नाही आणि नवा चष्मा येईपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काळा चष्मा लावून बसल्या बसल्या ताई कंटाळली.

"बाळ्या, एकटाच काय मनात वाचतोस? मोठ्यानं वाच की."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर संशय, वाचावं तर सत्यानाश. त्या कादंबरीत एक सुतार होता आणि एक नर्स. नर्स पुरुष होता. पण लेखकानं 'नर्स' लिहून मास्तरवर उपकारच केले होते. मास्तरनं त्याची बाई करून टाकली. वाचता वाचता तो 'म्हणाला'चं 'म्हणाली' करायचा, दाढी आली की ओळ गाळायचा, नर्सच्या जाड्याभरड्या आवाजाचा उल्लेख आला की खोकायचा. ताई रंगून गेली. "गुणी आहे हो पोरगी," म्हणायची. "चष्मा आला की हे पुस्तक मी पहिल्यापासून स्वतः वाचणार."

मास्तर पळवाट शोधू लागला. पुस्तक हरवलं म्हणावं, तर ताई पुस्तकवाल्याला गाठून दुसरी प्रत मागवणारी बाई. तिनं ते वाचलं आणि तोंड फिरवलं तर? पुस्तकातल्या माणसांना दुसरं घर मिळतं. आपल्याला कोण देणार?

चष्मा तयार झाल्याचा दुकानातून निरोप आला त्या दिवशीही संध्याकाळी वाचन चाललंच होतं. नर्स दमून कामावरून येते आणि सुतार तिच्या अंगावरच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून देतो, असा प्रसंग होता. मास्तर इतका गुंगला की लिहिलं होतं तसंच वाचून गेला. "उजव्या पट्टीवर लोंबणारं बटण त्यानं पक्कं केलं आणि दोरा दातांनी तोडला."

"थांब," ताई म्हणाली. "उजव्या पट्टीवर?"

बायकांच्या शर्टाला बटणं डाव्या पट्टीवर, पुरुषांच्या उजव्या. कालचं शिकाऊ पोरही हे सांगेल, आणि इथे मास्तर स्वतः चुकला, तेही कुणापुढे, तर जन्मभर बटणं लावलेल्या बाईपुढे!

"पुरुषाचा शर्ट घातला असेल तिनं," तो कसाबसा म्हणाला.

"आणि तिचं बोलणं आलं की तू मधेमधे खोकतोस ते कशाला रे?" ताईनं काळा चष्मा काढला. "बाळ्या, ती नर्स बाई नाही ना?"

मास्तरनं 'नाही' अशी मान हलवली. पुस्तक मांडीवर ठेवलं.

ताई काळ्या चष्म्याच्या काड्या मिटत म्हणाली, "आपला इस्त्रीवाला असाच दोरा दातांनी तोडायचा."

इस्त्रीवाला! मास्तरच्या तरुणपणी दुकानात कामाला होता तो. दुपारी यांच्याच घरी जेवायचा, हसताना मान मागे टाकायचा. एक दिवस यायचा बंद झाला आणि पुढे गावही सोडून गेला.

"त्याचं ताट मी रोज तुझ्या शेजारी का मांडायचे? मला काय दिसत नव्हतं? तेव्हा डोळे चांगले होते माझे," ताई म्हणाली. "मग तो गेला. मला आजवर वाटत आलं, माझंच काही बोलणं त्याला लागलं."

आता मात्र मास्तरला राहवेना. "तुझं नाही गं. मीच त्याला सांगितलं येऊ नकोस म्हणून. म्हटलं, ताईला आवडत नाही."

"माझं नाव सांगितलंस?"

"भ्यायलो होतो, ताई."

"अरे करंट्या!" ताई कडाडली. "मला एकदा विचारायचंस तरी! तो गेल्यावर कितीतरी दिवस मी भात जास्तच टाकत होते. येईल म्हणून." तिचा आवाज चिरकला. "कुठे असतो आता?"

"माहीत नाही. शोधला. नाही सापडला."

ताईनं चाचपडत खाकी कव्हराचं पुस्तक उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"पहिल्यापासून वाच. आणि आता लबाडी केलीस तर याद राख."

मास्तरनं वाचायला घेतलं. या वेळी तो नर्स बाप्याच होता, दाढीसकट. कामावरून दमून तो पहिल्यांदा त्या घराच्या दाराशी येतो, आत सगळे जेवायला बसलेले असतात, आणि आत यावं की परत जावं हे त्याला कळत नाही. इथवर आल्यावर ताईनं हात वर केला.

"याला परत नाही ना पाठवत?"

"नाही गं," मास्तर म्हणाला. "ठेवून घेतात."

पुढची ओळ त्याला दिसेना. पुस्तकावर टपकन थेंब पडला. ताईचा हात स्वतःच्या डोळ्यांकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"वाच रे," ती म्हणाली. "रडायची बंदी मला आहे, तुला नाही. रड, पण वाच."